मुकादमाचा पाहुणा

ता. ३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं आप्पांना आतल्या खोलीत स्वच्छ ऐकू जातं, आणि हे त्यांच्या कानावर जायला नकोय. म्हणून मशीन बाजूला सारून लिहायला बसले आहे. शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्याकडे रागानं बघतोय.

आपल्या मुकादमानं, त्या दांडगट बोक्यानं, परवा एक कबुतर तोंडात धरून आणलं. गल्लीतल्या उंदरांना आणि चिमण्यांना त्यानं कसं सळो की पळो केलंय ते तुला ठाऊक आहे. आता घरभर पिसं होणार म्हणून मी झाडू घेऊन धावले. तर त्यानं ते कबुतर अलगद आप्पांच्या पायाशी ठेवलं आणि शहाण्यासारखा शेजारी बसला. पंख मोडलेला, पण अंगावर दाताची एक खूण नाही. आप्पांनी माझ्या चिंध्यांतली एक पट्टी घेऊन पंख अंगाशी बांधला आणि त्याचं नाव पाहुणा ठेवलं. आता पाहुणा पुढच्या खोलीत खोक्यात असतो आणि मुकादम खोक्याला टेकून झोपतो. समोरचा चावीवाला म्हणतो की बोका त्याला पोसतोय, जरा अंगानं भरला की उरकून टाकेल.

दादा, हसू नकोस, मला खरंच भीती वाटते. आई गेल्यापासून आप्पांचं बोलणं हो, नाही आणि मीठ कमी आहे, एवढ्यावर आलं होतं. आता सकाळपासून त्या कबुतराशी गप्पा चालतात. काचेचा चंबू फुंकताना गाल किती फुगवायचे, परीक्षानळीचं तोंड कसं वळवायचं, कारखान्यात कोण कुठे चुकायचं, सगळं त्याला सांगतात. हे कबुतर एक दिवस मुकादमानं मटकावलं तर आप्पा परत गप्प होतील, आणि या खेपेला कायमचे. शिवताना मी सारखी मागे वळून बघते. काल एका सदऱ्याची बाही उलटी जोडली. काय करू ते कळव.

आप्पांना थोडा खोकला आहे. थंडीचा असावा.

वहिनीला नमस्कार, लेकीला पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
छोटी

ता. ९ डिसेंबर

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून वहिनी तुझ्या उलट्या बाहीला पोटभर हसली. मी हसलो नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोर भक्कम आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी मी लिफ्टच्या पाळण्याखाली उभा राहत नाही. बोका तो बोकाच. आज मैत्री करेल, उद्या त्याला भूक लागेल.

तेव्हा माझं ऐक. पाहुण्याला आप्पांच्या खोलीत हलव आणि दार कायम लावून ठेव. खिडकीही बंद, कारण आपल्याकडचे बोके पन्हळीवरून खिडकीच्या कट्ट्यावर उतरतात हे मी लहानपणापासून, मुकादमाच्या आजोबांच्या काळापासून बघत आलोय. फटी राहिल्या तर चिंध्या कोंब, त्यांची तुला कमी नाही. आप्पांना सोबत होईल आणि तुझ्या बाह्या सरळ लागतील.

खोकल्याला गरम पाणी दे. काळजी करू नकोस, ते खातं माझ्याकडे आहे. आमच्या सगळ्यांचा जीव तुमच्यापाशीच असतो, हे लक्षात असू दे.

तुझा,
दादा

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. खिडकीच्या फटीत कापड असं ठासलंय की वाऱ्याची झुळूकही आत येत नाही. पाहुणा आप्पांच्या उशाशी राहतो. पंख बरा झाला, पण वाकडा जुळला. पलंगावरून कपाटावर जाण्यापलीकडे तो उडत नाही. उडाला की धुळीसारखं पांढरं काहीतरी खोलीभर तरंगतं. मुकादम दिवसभर दाराबाहेर पडून असतो. दाराखालून पंजा आत सारतो, आणि पाहुणा आतून त्याच्या नखांना चोच लावतो. नखं बाहेर काढलेली नसतात, मी वाकून पाहिलं. तरी माझा विश्वास नाही.

पण आता भीती दुसरीच आहे. आप्पांचा खोकला हटत नाही. संध्याकाळी अंग कसकसतं, मोरीपर्यंत जाऊन आले तरी धाप लागते. परवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतले जुने मास्तर एक चंबू करून मागायला आले. आप्पा किती दिवसांनी खूश होऊन बर्नरपाशी बसले. काच तापली, त्यांनी नळी तोंडाला लावली, आणि दादा, फुगा आलाच नाही. थोडासा फुगला, एका बाजूला कलला आणि पडला. ज्या माणसानं चाळीस वर्षं श्वासावर घर चालवलं, त्याचा श्वास चंबूला पुरला नाही. आप्पांनी नळी खाली ठेवली, मास्तरांना उद्या या म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले की भट्टीनं छाती खाल्ली आहे, या वयात हे असंच चालायचं. चालायचं म्हणजे कुठपर्यंत, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तू ये. मी एकटी हे बघू शकत नाही.

तुझी,
छोटी

ता. २० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आप्पांना घेऊन गेलास आणि घर एकदम मोठं झालं. त्यांना हिंडताफिरताना धाप लागत नाही हे फोनवर ऐकलं तेव्हा मी मशीनवरच डोकं टेकून रडले.

इकडची गंमत ऐक. गणवेशांच्या घाईत एकदा खोलीचं दार उघडं राहिलं. लक्षात आलं तशी कात्री टाकून धावले. आत गेले तर मुकादम पलंगाखाली आडवा, आणि पाहुणा त्याच्या पोटाच्या उबेला डोळे मिटून बसलेला. आता दार उघडंच असतं. दोघांना एका ताटलीत घालते. मुकादम पाहुण्याचं होईपर्यंत थांबतो, असा संयम आपल्या घरात तुझ्यातही नव्हता.

आप्पांची खोली झाडून काढली. कपाटावर, पांघरुणावर सगळीकडे तो पांढरा भुगा. झाडता झाडता मलाच घुसमटायला झालं, बाहेर पायरीवर जाऊन बसावं लागलं. आप्पा यायच्या आत सगळं लख्ख करून ठेवते.

त्यांना सांग, पाहुणा वाट बघतोय. आणि माझी आठवण तुम्हा सर्वांना मधूनमधून तरी येऊ दे.

तुझी,
छोटी

ता. ३० जानेवारी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आप्पा परवा निघतायत. मी राहा म्हटलं, वहिनी राहा म्हणाली, लेकीनं त्यांची चप्पल लपवली. ऐकत नाहीत. पाहुण्याला बघायला हवं, एवढंच म्हणतात. काल लेकीसाठी त्यांनी फुगा फुगवला, आणि तो फुटेपर्यंत फुगवला. फुटल्यावर हसले, मग बराच वेळ रबराच्या त्या तुकड्याकडे बघत बसले.

इथे औषधही विशेष दिलं नाही. हवा मानवली असेल. पोचल्याचं कळव, म्हणजे इकडे आम्हाला सुखानं घास उतरेल.

तुझा,
दादा

ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. फोनवर तुला सगळं नीट सांगता आलं नाही.

आप्पा आले त्या दुपारी खोलीत जाऊन पाहुण्याशी पोटभर बोलले. थंडी होती म्हणून खिडकी लावून घेतली. संध्याकाळी ताप. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले तर ते पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेले, ओठ निळे. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी पाहुण्याच्या खोक्याकडे बोट केलं, मला वाटलं त्याला दाणे घाल म्हणतायत. चावीवाल्यानं त्यांना पाठुंगळी घेऊन रिक्षापर्यंत नेलं.

नाकाला नळी लावली आहे. नळ्या करणारे आप्पा त्या नळीकडे बघत पडले आहेत. दादा, मला फार भीती वाटते. लिहिलं की जरा बरं वाटतं, म्हणून लिहिते.

तुझी,
छोटी

ता. ११ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी फक्त ओरडलो की कबुतर आधी खोलीतून काढ. तू घाबरलीस, म्हणून नीट लिहितो.

इथल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंना भेटून सगळं सांगितलं. भट्टीचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं, आमच्याकडे बरे झाले आणि घरी गेल्यावर बिघडले हेही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, घरात पक्षी आहे का. पाहुण्याच्या पिसांतला भुगा आणि वाळलेली शीट, हे श्वासातून आत जातं आणि काही माणसांच्या फुप्फुसांना ते सोसत नाही. बंद खोलीत तर नाहीच नाही. असंच चालू राहिलं तर फुप्फुसं कडक होत जातात आणि मग काही करता येत नाही, असं त्या म्हणाल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांशीही त्या बोलल्या आहेत.

आपण बोक्यावर पहारा ठेवत बसलो, छोटी. दार लाव, खिडकी लाव, चिंध्या कोंब, हे सगळं मी सांगितलं.

आप्पा घरी येण्याआधी पाहुण्याला घराबाहेर काढ. कुठेही, पण बाहेर. सुट्टी मिळाली की मी निघतो. तोवर तुझ्या धीरावर आम्ही सगळे उभे आहोत.

तुझा,
दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आप्पा घरी आले, आणि मला काही जमलं नाही.

पाहुण्याला मी माझ्या शिवणाच्या खोलीत ठेवलं होतं, दोन दिवसांत जागा बघू म्हणून. वाकड्या पंखाचं पाखरू रस्त्यावर सोडायला हात धजेना. आप्पांनी आल्या आल्या विचारलं. मी सगळं समजावलं, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, पाया पडले. ते म्हणाले की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी भट्टी म्हटलंय तर भट्टीच. खोकं उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

मी दाराबाहेर जमिनीवर बसले आहे. शेजारी मुकादम. त्याचा पंजा दाराखाली आणि माझा कान दाराला. आतून त्यांचा खोकला आला की वाटतं हा शेवटचा. त्यांच्यावर ओरडू कशी? मलाही हल्ली खोकला येतो, जिना चढून आलं की छाती भरते. तू हे त्यांना सांगू नकोस, आधीच कमी का आहे.

लवकर ये.

तुझी,
छोटी

ता. ५ मार्च

चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणाऱ्यातला नाही. तुझी आई लिहायची आणि मी खाली सही करायचो. पण तू येऊन गेलास तेव्हा तुझ्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्याकडे फुगा फुटला त्या दिवशीच मला संशय आला होता. भट्टी काही मी खिशात घेऊन फिरत नाही. घरी धाप लागते, तुझ्याकडे लागत नाही, आणि घरी होतं पण तुझ्याकडे नव्हतं असं एकच होतं. मी बोललो नाही आणि परत आलो. तुम्ही दोघं माझ्याशी बोलत नव्हता असं नाही. पण तुमच्याशी बोलताना मला खंबीर राहावं लागायचं. तुझ्या आईबद्दल पाहुण्याला जे सांगता आलं ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता. त्याबदल्यात थोडा श्वास गेला तर जाऊ दे, असं मी ठरवून टाकलं होतं.

तू यायच्या आधी, इस्पितळातून आलो त्या दुपारी मी कडी लावून बसलो होतो आणि दाराबाहेर छोटी खोकली. कोरडा, खोलवरचा खोकला. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. कारखान्यात भट्टीचं तोंड फुटलं होतं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. माझ्या श्वासाचं मी ठरवलं होतं. तिच्या श्वासाचं ठरवणारा मी कोण?

कडी काढली आणि खोकं घेऊन तसाच रस्ता ओलांडून चावीवाल्याकडे गेलो. मागून मुकादम आला. चावीवाल्यानं छपरावर आडोसा करून दिला. ज्याला बोका खाणार असं तो सांगत होता, त्याच्यासाठीच आता तो शिडी चढतो. मुकादम जेवायला आपल्याकडे येतो आणि जेवून तिकडे जातो. छोटी त्याला दारातच ओल्या फडक्यानं पुसून घेते, आणि तो ज्या नजरेनं बघतो ती तू बघायला हवीस.

छोटीची छाती तपासून घेतली. काही नाही म्हणाले, खोकलाही उतरला. माझं जे कडक झालंय ते सैल व्हायचं नाही, पुढे वाढायचं नाही इतकंच. खिडकी दिवसभर उघडी असते. चिंध्या मी स्वतः काढल्या.

काल छपरावरच्या त्या दोघांसाठी पाण्याची वाटी फुंकली. पूर्वी अशी वाटी एका दमात व्हायची, आता मध्ये टेकावं लागलं, आणि काठ वाकडा आलाय. चावीवाल्यानं वर नेऊन ठेवली. आधी पाहुणा प्यायला, मग मुकादम. छोटी जिना चढून मला ते सांगायला आली. मी वाटीचं विचारलंच नाही, वर आल्यावर तिला धाप लागली का, तेवढंच ऐकत होतो. लागली नाही. तरी रोज ऐकतो.

सुनेला आणि नातीला आशीर्वाद. तुमची माया उघड्या खिडकीतून अशीच येत राहू दे. या वेळी सही माझी आणि मजकूरही माझाच.

तुझा,
आप्पा