वजा अठ्ठावन्न

तीर्थरूप वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत, डोळ्यांचं काय म्हणतात, आणि शेजारणीशी धरलेला अबोला अजून चालू आहे की कंटाळून बोलायला लागलात, हे सगळं सविस्तर कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे, म्हणून लेखणी तिथपर्यंत नेली होती. पण हात धजत नाही. वन्सं, मी हादरले आहे. कालपासून दोनदा चहात मीठ पडलं आणि तिसऱ्यांदा अख्खा चहाच पडला. तुम्ही आधी खुर्चीत नीट बसा, मग पुढचं वाचा. (वाईट काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण मांजरांना नाही.)

मांजरं म्हटल्याबरोबर तुम्ही नाक मुरडलंत ते मला इथून दिसलं. हो, अजून सात आहेत. (मागच्या पत्रात पाच लिहिलं होतं ते तुमच्या रक्तदाबाकडे बघून.) पण सात मांजरांचा दवाखाना सांभाळणं म्हणजे काय असतं, हे ज्याच्या अंगावर पडतं त्यालाच कळतं. एकीची लस होतेय तोवर दुसरीचं जंताचं औषध येतं, ते नरड्याखाली उतरवतोय तोवर तिसऱ्याचा दात दुखतो, आणि ज्याला काहीच झालेलं नाही तो कपाटावरून उडी मारून काहीतरी करून घेतो. वाचनालयात एकवीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी ठेवणारी बाई मी. कोणतं पुस्तक कुणाच्या उशीखाली अडकलंय ते बसल्या जागी सांगते. तेव्हा मांजरांचीही वही घातली. दर शनिवारी एक मांजर दवाखान्यात, सात आठवड्यांत एक फेरी, आठव्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात एकही शनिवार मोकळा नाही, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता.

तर झालं असं की, आमच्या डॉक्टरीणबाईंनी (प्राण्यांच्या, बोलतात कमी, पण बघतात असं की मांजरसुद्धा शेपूट आवरून बसतं) दर महिन्याला सगळ्यांची वजनं घरीच करून लिहून ठेवायला सांगितली होती. आता मांजर काही काट्यावर उभं राहत नाही. म्हणून मी युक्ती काढली. तुमचे बंधुराज काट्यावर उभे राहणार, मी एकेक मांजर त्यांच्या हातात देणार, जो आकडा येईल त्यातून ह्यांचे अठ्ठावन्न किलो वजा करणार; उरेल ते मांजर. अठ्ठावन्न हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी नवा काटा आणला त्याच दिवशी ह्यांना एकट्याला उभं करून मी तो घेतला होता. (पुन्हा पुन्हा कशाला घ्यायचा? नवऱ्याचं वजन एकदा लिहिलं की लिहिलं, असं मी धरून चालले होते. लोक हसतील तर हसोत.)

गेल्या सात महिन्यांत मात्र वहीतले आकडे उतरायला लागले. कॉलर, म्हणजे आमचा गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला बोका, सहावरून साडेपाचावर आला, मग पाचावर. अस्तर घसरली, बटण घसरलं, इस्त्री आणि रीळ दोघी बरोबरीने घसरल्या. (नावं ह्यांनीच ठेवलीत. शिंप्याच्या घरात दुसरी काय ठेवणार?) मी खाणं वाढवलं. वजनं आणखी उतरली. डोळ्यांना सगळी गुबगुबीत दिसत होती, काज तर पहिल्यासारखंच खिडकीच्या गजांत अडकत होतं, पण स्वतःच्या हाताने केलेली नोंद खोटी कशी म्हणायची? मी समजले, अंगावर सूज आहे. हे म्हणाले, काटा बिघडला असेल, टाकून देऊ. मी लगेच चढून पाहिलं. माझं वजन दुर्दैवाने तिळमात्र बदललेलं नव्हतं. म्हणजे काटा चोख. मग परवा रविवारी सगळ्यात छोटी चिंधी ह्यांच्या हातात दिली, आणि काटा पावणेअठ्ठावन्नवर थांबला. मी वजाबाकी तीनदा केली. वन्सं, मांजराचं वजन उणे पाव किलो आलं! मी ते वहीत लिहिलं आणि तिथेच जमिनीवर बसले. उणे पाव किलोची चिंधी माझ्या मांडीत येऊन बसली आणि माझ्या पायाला मुंग्या येईपर्यंत उठली नाही.

काल सोमवारी सकाळीच सातही जणांना एकदम दवाखान्यात न्यायचं ठरवलं. टोपल्या घरात दोन. पलीकडच्या बेकरीवाल्याने पाव पोचवायची गाडी दिली आणि वर पावाचे आठ क्रेटही दिले, चारांत एकेक मांजर घालून वरून दुसरा पालथा बांधायचा होता. (गाडीतून उतरेपर्यंत सगळ्यांच्या मिशांना पिठी लागली होती.) कॉलर कशातच मावेना, तेव्हा ह्यांनी शिलाई मशीनचं लाकडी झाकण काढलं, त्याला त्यात घातलं, खालून फळी लावली आणि मापाच्या सगळ्यात लांब टेपने करकचून बांधून टाकलं. वाटेत मला रडू आवरेना. मी मनातल्या मनात पुढच्या शनिवारी कोण कोण उरेल याची यादी करत होते आणि हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघत पाण्याची बाटली रिकामी करत होते. दुसरी बाटली मागितली तेव्हा मी खेकसले की इथे मांजरं मरायला टेकलीत आणि तुम्हाला पाणी सुचतंय.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला टेबलावर घेतलं. सगळ्यांची वजनं सात महिन्यांपूर्वी होती तीच, जराही इकडेतिकडे नाही. चिंधी पावणेतीन किलो. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी माझी वही ओढून घेतली, पानं उलटली आणि विचारलं, "सातही मांजरांचं वजन मोजून तीन-तीन किलोनेच कसं कमी झालं?" मी मोठ्या अभिमानाने आमची पद्धत सांगितली. त्यांनी पहिलं पान पाहिलं. मग मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीवर ठेवलेल्या काट्याकडे बोट केलं आणि ह्यांना म्हणाल्या, "काका, जरा उभे राहा."

पंचावन्न. चपलांसकट.

मला काही कळायच्या आत त्यांनी त्याच कागदावर, मांजरांच्या कागदावर, प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी जास्त पितात का? लघवीला वारंवार जातात का? भूक कशी आहे? दिवसा झोपून राहतात का? सवयीप्रमाणे उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि वन्सं, मला एकाचंही उत्तर देता येईना! अस्तर दिवसातून किती वेळा पाणी पिते ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे मान खाली घालून प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत होते. बाई एवढंच म्हणाल्या, मांजर असतं तर मी आजच रक्त काढलं असतं. ह्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या, या आठवड्यातच.

मी घरी येऊन आधी ह्यांच्या विजारी उलट्या करून पाहिल्या. दुसऱ्या कुणाचा नवरा वाळला असता तर विजार घसरली असती, सदरा लोंबला असता, चार लोकांनी टोकलं असतं. माझा नवरा पडला शिंपी! प्रत्येक विजार कमरेत तीनतीनदा आत घेतलेली, टिपा इतक्या सफाईदार की बोटाला लागत नाहीत. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. गेले सात महिने हे स्वतःचं माप स्वतः घेत होते, आणि काट्यावर उभे राहून मला तेच जुने अठ्ठावन्न वजा करू देत होते. मी इतकी ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक माप न देताच गेलं. (दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, हे तुम्हाला माहीत आहेच.) विचारलं, सांगितलं का नाहीत? तर शांतपणे म्हणाले, "तुझी वही बघितली होती मी. शनिवार मोकळा कुठे होता?"

वन्सं, मी वही उघडून सगळे शनिवार एकेक करून मोजले, खरंच एकही मोकळा नव्हता. त्या माणसाचा मला राग येतो, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त.

असो. तब्येतीला जपा. भाच्याला आशीर्वाद. कळावे, लोभ असतोच आहे म्हणून हे सगळं लिहिण्याचा धीर झाला.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. शनिवारी सकाळी दहाला माणसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. हे म्हणतात, आधी इस्त्रीची लस होऊ दे. मी सांगून थकले. तुम्ही एकदा डोळे वटारलेत की हे अजून आठ वर्षांचे होतात, म्हणून तुम्ही याच. ह्यांना सांगा की कोट शिवायचाय, माप द्यायला आले.

ता. क. २. घरात मांजर असेपर्यंत उंबरा ओलांडणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात ते मी विसरलेले नाही. सातही जणं गुरुवारपासून बेकरीवाल्याच्या माडीवर राहतील. मांजरं बाहेर आणि तुम्ही आत, असं मी माझ्या हाताने लिहितेय, यावरून ओळखा मी किती घाबरलेय ते.

ता. क. ३. पाकीट आणायला आत गेले तेवढ्यात ह्यांनी पत्र वाचलं. म्हणतात, ताईला कशाला त्रास, तिचं जुनं माप माझ्याकडे आहे, आणि शनिवारी मी आपणहून जातो. अगदी गोड आवाजात म्हणाले. म्हणून शनिवारी नको, शुक्रवारीच या. दाराला आतून कुलूप असेल आणि किल्ल्या माझ्या कमरेला. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय उघडणार नाही.