आगाशे आधी, वैद्य नंतर

मी, शुभा नारायण वैद्य, वय ७३, अविवाहित, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, राहणार मुलुंड पूर्व, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्या पश्चात कोणाला काय द्यायचे ते लिहून ठेवत आहे. राग आहे, पण रागाने माझी शुद्ध हरपलेली नाही.

१. राहता फ्लॅट भाचा मुकुल यास. गॅलरीतली दुर्बीण त्याने सोसायटीतल्या पोरांना द्यावी, विकू नये.

२. तप्त ताऱ्यांच्या वातावरणात मूलद्रव्ये कशी वरखाली होतात, हे मोजण्यात माझा जन्म गेला. आमटी ढवळली नाही की डाळ तळाशी बसते. सावकाश फिरणाऱ्या, शांत ताऱ्यात हेलियम तसाच खाली जातो. पण पारा आणि मँगनीज जड असूनही वर येतात, कारण आतून येणारा प्रकाश त्यांना ढकलतो. माझे सहकारी श्री. विद्याधर आगाशे (यापुढे 'तो', समोर कायम 'अरे'च म्हणत आले) यालाही संचालकांचा प्रकाश लाभला. गणिते माझी, परदेशातल्या परिषदांना तो. प्रत्येक शोधनिबंधावर आगाशे आधी, वैद्य नंतर. विचारले तर म्हणे, "अगं, अक्षरक्रम आहे तो." मग सगळीकडे 'आगाशे आणि सहकारी' असाच उल्लेख होऊ लागला. ते सहकारी म्हणजे मी एकटी. मला त्याचा हेवा वाटतो, अजूनही, भरल्या ताटावरसुद्धा.

३. ऋता सामंत ही माझी विद्यार्थिनी. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकली. हल्ली विलेपार्ल्याला त्याच्याकडे जाते. तिथे चर्चा छान होते म्हणे. इथे काय आम्ही भेंडी निवडत होतो? असो. संगणक, त्यातला प्रोग्राम आणि पाऱ्याच्या थरांचे अपुरे गणित तरीही तिलाच. अट एकच: ते पुरे झाल्यावर निबंधावर पहिले नाव तिचे. माझे नसले तरी चालेल. आगाशे हवाच असेल तर शेवटी. माझ्या पोरीला कोणी 'आणि सहकारी' म्हणता कामा नये.

४. साक्षीला मी विद्याधरलाच बोलावले आहे. फोनवर विचारत होता, "काय लिहिलंयस गं?" मी म्हटले, "साक्षीदाराला वाचावं लागत नाही. सांगते तिथे सही कर." मृत्युपत्रात अक्षरक्रम पाळावा लागत नाही, हे वकीलबाईंना मी आधीच विचारून घेतले आहे.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: शुभा नारायण वैद्य

साक्षीदार:
१. नीलम राजेश तांडेल, शेजारीण
२. विद्याधर आगाशे