फीचा आकडा

मंगळवार, ३ मार्च
परत तीच केस! रंगाच्या कारखान्यातला कामगार, विषारी वाफेनं फुफ्फुसं जळालेली. गेल्या वर्षी मीच निकाल दिला — कारखान्यानं त्याला भरपाई द्यावी, वर त्याच्या वकिलांची फीसुद्धा. कारखाना लगेच अपिलात! भरपाई वरच्या कोर्टात अडकली. आता त्याचे म्हातारे वकील म्हणतात, निदान फीचा आकडा तरी ठरवा. कारखान्याच्या वकीलबाई म्हणतात, "घाई कसली? निकालच फिरला तर फी कुठली?"

दोघांचंही खरं आहे. माझी मान दुखतेय.

शुक्रवार, ६ मार्च
कामगाराच्या बायकोनं आज जिन्यातच गाठलं. नवरा घरी, नाकात नळी. "बाईसाहेब, ह्यांच्या डोळ्यांदेखत काही मिळेल का हो?" खटल्यातल्या माणसांशी मला असं परस्पर बोलता येत नाही. "तुमच्या वकिलांना विचारा," म्हटलं आणि चालू पडले. दिवसभर स्वतःचाच राग आला.

सोमवार, ९ मार्च
म्हाताऱ्या वकिलांच्या सहा वर्षांच्या कामाचा हिशेब वाचून डोळ्यांचं भजं झालंय. मधूनमधून नोंद — 'कामगारास दवाखान्यात नेले. फी नाही.' अहो, मग लिहिता कशाला? माझ्यावर छाप पाडायला? एका अर्जाची फी दोनदा लावलीय, ती कापली. भला माणूस असला म्हणून काय झालं!

नवरोबा म्हणतात, "पुढे ढकल ना. जूनमध्ये रिटायर होतेयस. येणारा बघेल." मोह होतो. फार होतो! पण येणाऱ्याला नुसते कागद दिसणार. कोण राबलं आणि कोण तारखा मागत बसलं, ते मी समोर बसून पाहिलंय.

मंगळवार, १० मार्च
काही सुचत नाही. लवकर झोपते.

गुरुवार, १२ मार्च
दिला एकदाचा हुकूम! थांबायचं नाही, फी ठरली. मागितलेल्यातली पाव कापली, तरी भरपाईपेक्षा जास्तच झाली. वसुली मात्र अपील संपल्यावर. फीवरही अपील करायचं तर करा म्हटलं, वरच्या कोर्टात दोन्ही अपिलं एकदमच ऐकतील. वकीलबाई फणकारल्या, "हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड!" म्हाताऱ्या वकिलांनी लगेच हुकुमाची नक्कल मागितली.

आमची स्टेनो म्हणाली, "बाई, ही कागदावरची फी. मिळेपर्यंत म्हाताऱ्यांची कवळी पण झिजेल!" हसले. मग वाईट वाटलं. त्यांच्या ऑफिसचं भाडं थकलंय, हे कोर्टात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढं रक्त आटवून कुणाचं काय भलं केलं मी? कामगार तिथेच, वकील तिथेच. कंटाळा आलाय या खुर्चीचा.

बुधवार, २५ मार्च
दोन्ही बाजूंच्या सह्यांचा अर्ज. कारखाना अपील मागे घेतोय, भरपाई याच आठवड्यात, पूर्ण. अट एकच — वकिलांनी फी सोडायची. सगळी.

मी म्हाताऱ्या वकिलांना विचारलं, "राजीखुशीनं?"

"हो. तुम्ही आकडा ठरवलात म्हणून तर सोडता आला, बाईसाहेब. त्याआधी मी घासाघीस करणार कशावर?"

सही करताना रडू आलं. भर कोर्टात!