नातीचे मासे, माझी देखरेख

३ मार्च, सकाळी ७
नात आईबरोबर सुट्टीला गेली. जाताना माशांची टाकी माझ्या ताब्यात दिली. चार मासे, एक महिना. सोबत सूचनांचा कागद: दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, टाकी उन्हात ठेवायची नाही. लेखिकेचं वय नऊ. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. अख्ख्या शहराला पाणी पाजलं. कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

४ मार्च
टाकी कोपऱ्यातून खिडकीत आणली. उन्हाने जंतू मरतात. खाणं तीनदा दिलं. चिमटीने कुणाचं पोट भरतं?

८ मार्च
हिने विचारलं, पाणी हिरवं का दिसतंय. पडद्याचं प्रतिबिंब, म्हटलं. पडदा निळा आहे, म्हणाली. हिच्याशी रंगांवरून वाद घालत नाही.

११ मार्च
शेवाळ आहे. कबूल. निम्मं पाणी बदललं. प्रश्न कायमचा मिटला.

१३ मार्च
परत हिरवं. आधीपेक्षा जास्त. नातीचा व्हिडिओ कॉल. तिला मासे बघायचे होते. फोनचा कॅमेरा बिघडलाय, असं सांगितलं. मग आजोबा, तुम्ही कसे दिसताय, असं तिने विचारलं. रेंज गेली असं सांगून फोन हिच्याकडे दिला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.

१४ मार्च
निर्णय झाला. उद्या तुरटी. खात्यात आम्ही पोत्यांनी टाकायचो. माशांचं काय होईल, असं हिने विचारलं. शहरात कुणाला काही झालं का, असं मी विचारलं. फोन घेऊन आत गेली. पटलं असावं.

१५ मार्च
सकाळी हिने गुडघ्याचं मलम आणायला पाठवलं. आणलं तर चुकीचं निघालं, परत पाठवलं. दीड तास गेला. आल्यावर न्हाणीघरातली बादली दिसेना. घरात शिस्त नाही.
दुपारी तुरटी टाकली. मासे अगदी शांत. हूं नाही की चूं नाही.

१८ मार्च
पाणी आता पालकाच्या सुपासारखं. मासे दिसत नाहीत, पण जाणवतात. अशक्तपणा नको म्हणून खाणं पाचदा. मोठा हळूच वर येऊन खातो आणि लगेच बुडी मारतो. माझी सवय झाली आहे त्याला.

२२ मार्च
शेवाळाला अंधार सोसत नाही, असं वाचलं. टाकीवर जाड चादर टाकली. गुण येतोय का ते दर तासाला चादर उचलून टॉर्चने बघतो. अजून नाही.

२५ मार्च
खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मासे पाळलेत. बघायला या, म्हणाल्या. हिच्याबरोबर गेलो. पाणी काचेसारखं. यात कौतुक काही नाही, मासेच चार. मला बघताच चौघेही काचेवर येऊन आदळले. बाईंना स्पष्ट मत दिलं, मासे किरकोळ आहेत, आमचे दुप्पट भरतील. बाई तोंडाला रुमाल लावून बराच वेळ खोकल्या. नर्स असून तब्येतीची हेळसांड करतात.

३१ मार्च
नात उद्या येणार. टाकी पूर्ण उपसून मासे हाताने मोजायचं ठरवलं. तीन बादल्या पाणी निघालं. तळाला चार बोटं कुजलेलं खाणं. मासा एकही नाही.
फरशीवरच बसलो. नातीला काय सांगायचं ते सुचेना. ही येऊन शेजारी बसली. पंधरा तारखेलाच बादलीतून नर्सबाईंकडे पोचवले, म्हणाली. कल्पना नातीची.
म्हणजे सोळा दिवस मी पाण्याला जेवायला घालत होतो.
रागवायचं होतं, जमलं नाही. चारही ना, एवढंच विचारलं. चारही, म्हणाली. परत एकदा विचारलं.

१ एप्रिल
नात आली. बॅग टाकून थेट खाली पळाली. मागोमाग मीही गेलो. मासे तिथेच राहतील, असं तिने आणि बाईंनी परस्पर ठरवलं. मला रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा बघायची परवानगी आहे. आत जाताना खिसे उलटे करून दाखवायचे.