पोरीसाठी घेतलेला चाकू

आप्पा,

तुमच्या नातीला नोकरी लागली. वनरक्षक झालीय, पहिली नेमणूक मेळघाटात, उद्या दुपारच्या गाडीनं निघेल. तुम्ही गेलात तेव्हा ती जेमतेम रांगत होती, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तुमची सून गेल्या वर्षी वारली, तेही तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून आमचं दोघांचं घर फार शहाण्यासारखं चाललंय. मी टॉवेलच्या कारखान्यातून येतो, ती ताटं घेते, आम्ही जेवतो, ज्याचं ताट तो घासतो. कुणी कुणाला दुखवत नाही. मी रडलो नाही, ती रडली असेल तर मला दिसली नाही. पोरगी चाललीय म्हटल्यावर पोटात काहीतरी हलायला हवं होतं, पण नाही हललं. मी आपला चाकूच्या मागे लागलो.

तिला प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं की जंगलात घडीचा चाकू नको, न मिटणारा घ्या. तिनं मला मोबाइलवर एक दाखवला. पात्याच्या पाठीला करवतीसारखे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र, मूठ आतून पोकळ, तिच्यात म्हणे आगकाड्या ठेवायच्या. मला एकदम होटगीचं आपलं रेल्वे क्वार्टर आठवलं. तुम्ही रुळांवरची पाळी संपवून आलाय, मोरीत पाय धुताय, आणि मी जत्रेत घेतलेला असाच एक चकचकीत चाकू तुमच्यापुढे नाचवतोय. तुम्ही तो घेता, दारातल्या बाभळीच्या फांदीवर एकदाच मारता, आणि पातं मुठीतून निसटून अंगणात जाऊन पडतं. "दावायला बरा हाय," तुम्ही म्हणता, "लोखंड मुठीच्या शेवटापत्तूर गेलं पायजे की." एवढं बोलून तुम्ही आईकडे चहा मागता. मला तुमचा भयंकर राग आला होता. तुम्हाला हसू तरी यायला हवं होतं, असं अजून वाटतं.

तर तेवढं एक वाक्य घेऊन मी विजापूर वेशीकडच्या दुकानांतून हिंडलो. परदेशी चाकू देखणे होते, पण इतका महाग चाकू पोरगी जपत बसली असती, वापरला नसता. शेवटी एका दुकानदारानं दोन साधे चाकू काढून ठेवले. दोन्हींचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंना लाकूड ठोकलेलं. एकाला कुठल्याही दगडावर धार लागते पण तो गंजतो, दुसरा गंजत नाही पण धारेला वेळ घेतो. तिकडचा पाऊस आणि पोरीचा विसराळूपणा, दोन्ही डोळ्यांपुढे आले. तेलाचं बोट लावणं तिच्याच्यानं व्हायचं नाही. न गंजणारा घेतला. पातं चार बोटांहून थोडं जास्त, त्याहून मोठं घेऊन ती काय झाडं पाडणार आहे? मग दुकानदारानं विचारलं, बेटीचा हात केवढा आहे? मला सांगता येईना. तिच्या आईच्या बांगड्या तिला बरोबर होतात, एवढंच ठाऊक होतं, तेच सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि बारीक मुठीचा काढून दिला. कव्हर उलटं करून हलवून बघितलं, चाकू पडला नाही. दुकानातून बाहेर आलो तेव्हा ऊन लागत होतं, पण लागतंय हेही जरा उशिरानंच कळलं.

आत्ता संध्याकाळी ती सॅक भरत बसली होती. मी चाकू कव्हरमधून काढून तिच्यापुढे धरला. आपल्याकडे चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा, नाहीतर दोघांत भांडण होतं. तुम्ही कांद्याची सुरीसुद्धा आईच्या हातात कधी दिली नाहीत. तुमच्या सुनेनं तर हे पोरीच्या अंगवळणीच पाडलेलं. पोरगी माझ्या हाताकडे बघत राहिली. "खाली ठेवा की, पप्पा. आई असती तर ओरडली असती."

तिच्या तोंडून आईचं नाव कितीतरी महिन्यांनी निघालं होतं. मी हात खाली केला नाही. शेवटी तिनंच तो माझ्या हातातून घेतला, मुठीवर बोटं आवळून बघितली आणि म्हणाली, "तुम्ही ना, सगळंच विसराय लागलाय."

आता ती मैत्रिणीला भेटायला गेलीय. ती यायच्या आत हा कागद फाडून टाकीन, तिला कळायला नको. मी विसरलो नव्हतो, आप्पा. वाटलं, भांडायला तरी ती तिकडून फोन करेल.