संपतच्या मिरच्या

अंबड, ता. ११ फेब्रुवारी १९७४

चि. संपत यास अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आता आपल्याला वाटेतून कुणी खाली उतरवणार न्हाई, असं आबा म्हणाले होते, तू पहिल्यांदा ट्रक घेऊन दारात आलास तेव्हा. तरुणपणी पाटलाची गाडी दिसली की ते बांधाखाली उतरून उभे राहायचे. आज मी तुझ्यावर रागवायला बसले आणि आधी तेच आठवलं.

परवा तू कांताला घेऊन आलास. ठेचा तुझ्यासाठीच केला होता, तू ताटात बाजूला सारलास आणि दूधभातसुद्धा डोळे मिटून गिळलास. तुझ्या तोंडात फोड आलेत. कांता म्हणते, हल्ली रोज मूठभर हिरव्या मिरच्या मागून नेतात, नवऱ्याची जीभ चटोर झाली. तिला हसू येतं, मला आलं नाही. फिटच्या गोळ्या चालू झाल्यापासून तू बसल्या जागी पेंगतोस. औरंगाबादच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं, गोळी सोडायची नाही आणि गाडी चालवायची नाही. तुझे मालक पन्नालालशेठ, त्यांना हे सांगितलंस का? मास्तरीण म्हणून विचारत नाही, बहीण म्हणून विचारते. खरं लिही. तुझं अक्षर चिखलातल्या टायरसारखं असलं तरी मी लावून घेईन.

माया असू दे.

तुझी,
सत्यशीला


जुना जालना, ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास संपतचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काय लिहिलंय म्हणून कांतानं विचारलं, तर म्या पोरांची खुशाली म्हणून सांगितलं.

अक्का, गोळी सोडली न्हाई. सोडली तर फिट येती, घेतली तर डोळे मिटतेत. म्हणून मिरची. झापड आली की एक चावायची, आग झाली की थोडा वेळ डोळे बराबर उघडे राह्यतात. माझा क्लीनर कडूबा चेष्टा करतो, की ड्रायव्हरच्या पोटात चूल पेटली असंल. त्याला काही ठावं न्हाई.

आता तुलाच सांगून राह्यलो. गेल्या खेपेला बदनापूरच्या अलीकडं, मिरची तोंडात असतानाच डोळा लागला. धक्का बसला तवा जागा झालो. समोर बैलगाडी उलटल्ती, एक बैल पडल्ता. गाडीवान आबांएवढा म्हातारा. म्या खाली उतरलो, तर त्योच हात जोडून म्हणाया लागला, की साहेब, माझीच गाडी मधी आल्ती, माफी करा. अन् म्या त्याला माफ केलं, अक्का. चूक माझी हाय म्हणाया तोंड उघडलं न्हाई. बैल उठला का न्हाई ते बी बघितलं न्हाई.

शेठला सांगितलं तर गोदामात बसवतील, माणूस चांगला हाय. पण पोत्यांवर बसून दुसऱ्याच्या हातात माझी गाडी बघायची, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. खाली उतरलो की म्या पुन्हा बांधाखालचाच. तू बी कुणाला सांगू नको, तुला आबांची आण हाय.

लोभ कमी करू नको.

तुझा,
संपत


अंबड, ता. २३ फेब्रुवारी

चि. संपत यास जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, आणि त्या दिवशी वर्गात बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई गणित विसरल्या.

रागावले नाही. आजार तू मागून आणला नाहीस. पण तो म्हातारा घरी जाऊन काय म्हणाला असेल, हे डोक्यातून जात नाही. आपलीच चूक झाली, असंच सांगितलं असेल त्यानं, आणि बैलाशेजारी बसून राहिला असेल. आणि कडूबा. आपण कुणाशेजारी बसतो हे त्याला माहीतच नाही. त्याच्या घरीही कुणी त्याची वाट बघत असेल, जशी कांता तुझी बघते.

आबा असते तर त्यांनी तुला गोदामात बसायला सांगितलं असतं की नाही, मला खरंच ठाऊक नाही. ट्रकचा त्यांना फार अभिमान होता. म्हणून त्यांच्या नावानं काही सांगत नाही, माझ्याच नावानं मागते.

रविवारी मी जालन्याला येते. आण तू घातलीस, ती तूच सोडव. शेठच्या पेढीवर आपण दोघं जाऊ. तुला बोलता आलं नाही तर नुसता शेजारी उभा राहा, मी सांगेन. तू नको म्हणशील, कदाचित मुद्दाम खेप काढून त्याच दिवशी निघून जाशील, हे मला दिसतं आहे. तरी मागते. मी येईपर्यंत गाडीवर चढू नकोस.

तुझीच,
अक्का