गोळीतली देवी

१६ जानेवारी १९६१
नामा परवापासून झोपलेला नाही. धाकटा भाऊ माझा, पण होडी ताब्यात घेऊन तांडेल झाल्यापासून मलाच दटावतो. रेवसहून मासळी घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेला, आला, होडी धुतली, जाळं शिवलं, शेजारच्यांचंही शिवलं. जेवायला बस म्हटलं तर भूक नाही. बाबा गेल्यापासून याला इतका खुशीत पाहिला नव्हता. आई नुसती बघत बसते. मीही दवाखान्यातली नर्सची पाळी संपवून आल्यावर त्याच्या बडबडीपाशी बसले. बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू.

३ मार्च. शिमगा
ढोलवाले दमले, नामा नाही. डोळे विस्फारलेले, दातांवर दात, हात थरथरतायत आणि तोंड अखंड चालू. वारा कुठला, पाणी किती, मासळी कुठे. कोळीवाड्याच्या पाटलांनी त्याच्या पायाशी नारळ फोडला. अंगात देवी आली म्हणे. आईने कपाळभर हळद लावली. मी नाडी बघायला हात धरला तर बायका अंगावर आल्या, देवीची नाडी बघतेस? सोडला हात. नाडी धावत होती नुसती. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या.

७ मार्च
विचारलं. नामाने सरळ कनवटीची गोळ्यांची डबी काढून दाखवली. धक्क्यावरचा कोणी ट्रक ड्रायव्हर देतो. भरतीची वाट बघताना पेंग येऊ नये म्हणून सुरुवात. आधी एक, आता मोजत नाही. लपवाछपवी काही नाही, उलट मलाच शिकवतो. "लोकांच्या अंगान देव दारू पिऊन येतो, माझ्या गोळीनं येतो. बाय, डोक्यान उजेड पडतो." हसला. मलाही हसू आलं, मग स्वतःचाच राग.

१० मार्च
डॉ.ना विचारलं. म्हणाले, मेंदूत आपलेच रस असतात, बेताने पाझरणारे. एक डोपामीन. हुरूप, काहीतरी हवंसं वाटणं त्याच्याकडे असावं, असा त्यांचा अंदाज. दुसरा नॉरॲड्रेनलिन. तो जागं ठेवतो, छाती धडधडवतो. गोळी दोन्ही भसकन बाहेर सोडते, परत आत जाऊ देत नाही. रोज असं उपसल्यावर माणूस संशयी होतो, भास होतात. आणि गोळी सुटली की कोरडा तळ. मग कशातच गोडी नाही. पुरतं अजून कोणालाच कळलेलं नाही, असंही म्हणाले.
मला पुरेसं कळलं. कोळीवाड्यात कोणत्या तोंडाने सांगू, ते नाही कळलं.

२० मार्च
अंगणात माणसं. जाळं कुठे लावू, पोरीचं लग्न कधी, हरवलेली नथ कोणी नेली. नामा सगळ्यांना कौल देतो. दोनदा मासळी खरंच मिळाली, मग काय बोलायलाच नको. पाटलांना बाजूला घेऊन गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "गोळी आम्ही पन खाल्ली असती, बाय. आमच्या अंगान आली असती का?"
नर्स आहे मी, वकील नाही.

२९ मार्च
नामाने गणूवर कोयता उगारला. गणू, मामाचा मुलगा, लहानपणापासून एका ताटात जेवलेले दोघं. गणू माझं जाळं कापतो, समुद्राला माझं नाव सांगतो, असं नामाचं म्हणणं. गणू रडत घरी गेला. होडीवर आता कोणी येत नाही. देवी रागावलीय म्हणून आणखी दोन नारळ फुटले. मला त्या नारळांचा आवाज सहन होत नाही.

२ एप्रिल
आज नामा स्वतः दवाखान्यात आला. बाहेरच्या बाकावर बसून हुंदके देत होता. गालफडं बसलेली. डबी माझ्या हातात ठेवली. "मना थांबता येत न्हाय. तू थांबव." खाडीत ओतल्या सगळ्या. डॉ. म्हणाले, एकटं सोडू नका.

५ एप्रिल
झोपलाय. उठतो, पाणी पितो, झोपतो. जिवात जीव आला.

११ एप्रिल
चुकलेच मी. ही झोप नव्हे. जागा असतो, भिंतीकडे तोंड. सुके बोंबील आवडीचे म्हणून आईने भाजले. म्हणाला, माती लागते. गणू मन मोठं करून आला, शेजारी बसला, नामाने ओळख दिली नाही. किती दिवस? डॉ.ना माहीत नाही. महिने लागतील म्हणाले. मग थांबून, कदाचित. त्या कदाचितवर मी काय करू? मला भाऊ हवाय.

१६ एप्रिल
अंगणात कोणी फिरकत नाही. देवी मी खाडीत बुडवली, असं चाललंय. विहिरीवर बायका बोलत नाहीत. नामाची दाढी मी केली. मान धरावी तशी राहते. मरून गेलो असतो तर बरं, एवढंच बोलला, तेही कोणाला उद्देशून नाही. कोयता, दोर, सगळं गणूकडे नेऊन ठेवलं.

२१ एप्रिल
आज आई दवाखान्यात. डोक्यावर पदर घेऊन बाकी पेशंटांबरोबर रांगेत बसली होती. वाटलं, ताप. नंबर आला तशी माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, त्या गोळ्या दे.
मी समजावलं. रस, कोरडा तळ, कोयता, सगळं परत.
"देवी नव्हती, मना ठाऊक हाय. पयल्या दिवसापास्नं ठाऊक हाय. पन तो हसत व्हता. मना तसा पायजे. न्हायतर तू हसव त्याला."
गेली. पुढच्या पेशंटला काय बांधून दिलं आठवत नाही. तसल्या गोळ्या आमच्या कपाटातही असतात, सारखी झोप येणाऱ्या एका म्हातारीसाठी. चावी माझ्याकडे. डॉ. अलिबागला गेलेत. दवाखाना केव्हाच बंद करायला हवा होता. मी अजून इथेच, कपाटासमोर.